ऑडिऑलॉजीचा अर्ज भरण्याआधी थोडी उमेदवारी

कापडाच्या धंद्यात नव्या पोराच्या हाती पहिल्याच दिवशी कोणी गज आणि कात्री देत नाही. आम्ही मूळजी जेठा मार्केटात आलो तेव्हा पहिले काही महिने गादीच्या कडेला बसून नुसते पाहत होतो. शेठ ताक्याला हात कसा लावतात, गिऱ्हाईक उठू लागले की आवाज कसा खाली आणतात, हे सारे तिथे बसूनच कळले. पगार नव्हता, चहा मिळत असे. सुतार, जरीवाला, दर्जी सगळ्यांची रीत हीच, आधी उस्तादाजवळ बसायचे, मग हुनराला हात घालायचा. मुलांच्या शिक्षणाची वेळ आली की मात्र हीच रीत आम्ही मंडळी विसरतो. कोणी सांगितले की अमुक कोर्सला ‘स्कोप’ आहे, की लगेच फी भरून मोकळे होतो.

हा विषय निघाला तो आमच्या भाचीमुळे. बारावी विज्ञानाची परीक्षा देऊन तिने ऑडिऑलॉजी शिकायचे म्हटले, आणि घरात निम्म्यांना तो शब्दच ठाऊक नव्हता. कानाचा डॉक्टर औषध देतो, शस्त्रक्रिया करतो. ऑडिऑलॉजिस्ट ऐकण्याची तपासणी करतो, श्रवणयंत्र निवडतो, ते कानाला आणि माणसाला बसेल असे जुळवतो. आपल्या समाजाला या कसबाची गरज किती, हे भिवंडी-मालेगावच्या मागाच्या शेडमध्ये अर्धा तास उभे राहिलेल्यास सांगायला नको. आठ तासांच्या कामाला आवाजाची मर्यादा ९० डेसिबल धरतात आणि माग बहुधा तिच्या वर खडखडतात. सरकारला कळवायच्या रोगांच्या यादीत गोंगाटाने येणारा बहिरेपणा आहे; कळवतो कोण, हा वेगळा प्रश्न. आमचे थोरले भाईजान मागावर वीस वर्षे होते. त्यांना एका दुकानदाराने कान नीट न तपासताच यंत्र विकले. ते पुढे दोन वर्षे कपाटाच्या खणात पडून होते.

आपल्याकडील वाट अशी आहे. बारावी विज्ञानानंतर बीएएसएलपी ही पदवी. ती चार वर्षांची असून शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे. तिच्यात ऐकणे आणि बोलणे, दोन्ही शिकवतात. पुढे एम.एस्सी. दोन वर्षांची, आणि तिथे रस्ता फुटतो. ऑडिऑलॉजी वेगळी, वाचा-भाषा उपचार वेगळा. दुसऱ्या विषयात बी.एस्सी. करून एम.एस्सी. ऑडिऑलॉजीला दार उघडेल, असे समजून बसलेली मुले आम्हांस भेटली आहेत. ते दार उघडत नाही. म्हणून पाहून घेण्याच्या वेळा दोन, एक बारावीनंतर आणि दुसरी एम.एस्सी.चा अर्ज करण्याआधी. इंग्रजीत याला शॅडोइंग म्हणतात. आम्ही शागिर्दी म्हणू.

बसायचे कुठे? जोगेश्वरीहून धीम्या लोकलने वांद्रे फार लांब नाही. तिथे रेक्लमेशनवर अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्थान आहे, १९८३ मध्ये स्थापन झालेले. ज्यांचे नाव त्यास दिले ते अली यावर जंग उस्मानिया आणि अलीगढ या दोन्ही विद्यापीठांचे कुलगुरू होते. महाराष्ट्राचे राज्यपाल असतानाच १९७६ मध्ये त्यांचे निधन झाले. आपल्यातले कितीतरी जण त्या इमारतीसमोरून रोज जातात आणि आत काय चालते ते विचारत नाहीत! दुसरे ठिकाण मुंबई सेंट्रलचे नायर रुग्णालय. तेथील ऑडिऑलॉजीचा अभ्यासक्रम देशातील जुन्यांपैकी आहे. मोठ्या संस्थांत बाहेरच्या मुलाला बसू देतीलच असे नाही. कॉलेजच्या प्राचार्यांचे पत्र घेऊन विभागप्रमुखांना भेटावे, किती दिवस आणि कोणत्या वेळी येणार ते स्पष्ट लिहावे. नकार आला तर खाजगी क्लिनिक किंवा कर्णबधिर मुलांची शाळा गाठावी. मात्र ज्याच्याजवळ बसणार त्याचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक आधी विचारावा. १९९२ च्या कायद्याने ही नोंदणी आवश्यक आहे. यंत्र विकणारा प्रत्येकजण ऑडिऑलॉजिस्ट नसतो, आणि विक्रेत्याजवळ बसून विक्रीच शिकाल.

बसल्यावर पाहायचे काय? पेशंटला आवाजबंद खोलीत बसवून दोन्ही कानांना वेगवेगळे सूर देतात आणि आलेख काढतात. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. गोंगाटाने गेलेल्या कानाचा आलेख बहुधा ४,००० हर्ट्झपाशी खड्ड्यासारखा खाली जातो. भाचीने तो खड्डा दुसऱ्याच्या आलेखावर पाहिला आणि संध्याकाळी विचारले, “मामू, बडे मामूंचाही असाच असेल का?” लहान मुलांची तपासणी तर खेळ वाटावा अशी असते, आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा. पण त्या खेळात मूल रडते, आई रडते, सकाळ निघून जाते. कानाचा साचा घेताना आधी दोरा बांधलेला कापसाचा बोळा आत ठेवतात, मग मसाला भरतात. शेरवानीचे माप घेणाऱ्याला हे काम लगेच पटेल, कारण इथेही एकाचे माप दुसऱ्याला चालत नाही.

आणखी एक गोष्ट उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी. बोलणे किती समजते हे तपासताना पेशंटला शब्द ऐकवून ते परत म्हणायला लावतात. शब्द त्याच्या भाषेतले नसतील तर चूक कानाची की भाषेची, हे कळणे कठीण. उर्दू, मराठी, हिंदी तिन्ही येणारी मुलगी इथे उणी नाही, उलट तिची गरज आहे. इंग्रजी मात्र पक्की करावी लागेल, पुस्तके त्याच भाषेतली.

ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारातील आमच्या एका स्नेह्याच्या मुलाने हे काम यंत्रांचे समजून प्रवेश घेतला. ते काम माणसांचे निघाले. दिवसभर तेच वाक्य मोठ्याने, सबुरीने म्हणणे त्याला जमेना आणि दुसऱ्या वर्षी त्याने सोडले. मुलगा हुशार आहे, आज संगणकाचे काम उत्तम करतो. पण बापाची कर्ज काढून भरलेली फी परत आली नाही. तीन आठवडे कुठे बसला असता तर हे आधीच उमगले असते.

बसताना शिस्त पाळावी. पेशंटची परवानगी असल्याशिवाय आत जाऊ नये, मोबाईल पिशवीत ठेवावा, यंत्राला हात लावू नये. रोजची वही ठेवावी. तारीख, तास, कोणती तपासणी पाहिली, काय कळले नाही, एवढे लिहावे. पेशंटचे नाव कधीही नाही. शेवटी त्या ऑडिऑलॉजिस्टकडून तासांचा दाखला सही आणि नोंदणी क्रमांकासह घ्यावा. हा कागद भारतातील प्रवेशासाठी मागतीलच असे नाही. अमेरिकेत जायचे असेल तर तिथे ऑडिऑलॉजीसाठी साधारण चार वर्षांची डॉक्टरेट असते, आणि काही विद्यापीठे अर्जातच विचारतात की आजवर कोणाजवळ किती तास बसलात. तेव्हा वर्षामागच्या तारखा आठवत बसण्यापेक्षा वही हाताशी असलेली बरी.

भाचीची वही सध्या चाळीस पानांवर आली आहे. भाईजानांची नव्याने तपासणी झाली, खणातले यंत्र त्यांच्या कानासाठी नव्हतेच असे निघाले, आणि नव्या साच्यासाठी त्यांना पुढच्या मंगळवारी बोलावले आहे.