दोन तारांवर चालणारं कुलूप

पिकअपच्या दाराचं आतलं पॅड काढून सेंट्रल लॉकिंगची मोटर हातात घेतली, की आधी डोळ्यांत भरतं ते तिचं साधेपण. तळहातावर मावणारी प्लास्टिकची डबी, आत छोटी डीसी मोटर, एक-दोन दातेरी चक्रं आणि पुढेमागे सरकणारी दांडी. बाहेर येणाऱ्या तारा मात्र दोनच. दार याच दोन तारांवर लागतं आणि याच दोन तारांवर उघडतं. ‘लाव’ सांगणारी वेगळी तार नाही, ‘उघड’ सांगणारीही नाही.

हे जमतं कसं? बहुतेक गाड्यांत एरवी दोन्ही तारा बॉडीला, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेल्या असतात. दोन्हीकडे शून्य व्होल्ट, म्हणून मोटर गप्प. बटण दाबलं की एक रिले त्यातली एक तार १२ व्होल्टवर उचलतो, सेकंदाच्या आत पुन्हा खाली सोडतो. तेवढ्यात दांडी सरकलेली असते. उघडताना दुसरा रिले दुसरी तार उचलतो, करंट उलटा वाहतो, मोटर उलटी फिरते. मला यातलं सौंदर्य पुढच्या गोष्टीत दिसतं: दार नुसतं लागत असेल आणि उघडत नसेल, तर पॅड खोलण्याआधीच कळतं की त्या दोन तारा शाबूत आहेत. त्यातली एक जरी तुटली असती तरी दोन्ही कामं थांबली असती. मग संशय उरतो तो रिलेवर, बटणावर किंवा अडकणाऱ्या दांडीवर.

पिकअपशी पुण्याचं नातं जुनं. तेव्हाच्या टेल्कोने टाटा मोबाइल ही पिकअप १९८८ साली आणली, ती इथल्याच कारखान्यातून. आज नारायणगावच्या टोमॅटोचे क्रेट गुलटेकडीच्या मार्केट यार्डात उतरवणाऱ्या पिकअपचं दार दिवसभरात किती वेळा उघडतं आणि आपटतं, ते यार्डाच्या फाटकाशी थोडा वेळ उभं राहिलं तरी समजतं. या आपटण्यातच बिघाडाचं मूळ आहे.

दार आणि खांबाच्या मधे, बिजागरीजवळ, एक काळी रबरी नळी असते. दाराच्या सगळ्या तारा तिच्यातून जातात आणि दार उघडताना दर वेळी तिथेच वाकतात. तांबं मऊ असतं, पण एकाच जागी वाकत राहिलं की कडक होत जातं आणि मग तडकतं. वरचं प्लास्टिक लवचीक, ते तसंच राहतं. बाहेरून तार धडधाकट, आत मात्र तांब्याचा एकेक केस तुटत चाललेला. दार उघडं असताना लॉक चालतं आणि बंद केलं की चालत नाही, अशी तक्रार आली तर आधी ही नळी मागे सरकवायची. एकेक तार दोन चिमटींत धरून हलकेच ताणायची. चांगली तार ताणली जात नाही. आत तुटलेली तार रबरासारखी लांबते, कारण तिथे उरलेलं असतं ते फक्त प्लास्टिक.

मीटर इथे हमखास फसवतो. दहा-वीस केसांपैकी एकच जेमतेम टेकलेला राहिला असला, तरी मोटर काढून बटण दाबल्यावर तारांच्या टोकाशी मल्टिमीटर बिनदिक्कत १२ व्होल्ट दाखवतो. मीटर स्वतः जवळजवळ करंटच ओढत नाही, आणि करंट वाहत नाही तोवर त्या केसाचा विरोध जाणवत नाही. मोटरला मात्र काही अ‍ॅम्पियर हवे असतात. ते वाहू लागले की दाबाचा मोठा भाग त्या जेमतेम जोडावरच खर्च होतो आणि मोटरपर्यंत पुरेसा पोचत नाही. म्हणून वायरमन मोटर काढून तिच्या जागी इंडिकेटरचा बल्ब लावून बघतो. बल्ब करंट मागतो, त्यामुळे खरं काय ते उघड होतं. ओहमचा नियम १८२७ सालचा. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळणारा साधा बल्ब तो आजही बिनचूक सिद्ध करतो.

बल्ब लख्ख पेटला, तर दोष मोटरमध्ये. तिचे कार्बन ब्रश झिजलेले असतात किंवा चक्राचे दाते गेलेले असतात. आणि मोटर घुं करते पण दारावरची लॉकची खुंटी हलत नाही, तेव्हा वीज आपलं काम करतेय. दांडीची क्लिप निसटलीय किंवा लॅचमधलं ग्रीस धुळीने घट्ट झालंय. अनेक मोटरींत तापल्यावर करंट अडवणारा एक भागही असतो. बटण वारंवार दाबत राहिलं की लॉक बंद पडतं आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होतं, ते त्याच्यामुळे. तो बिघाड नव्हे.

तुटलेली तार जोडताना नवा तुकडा बारीक केसांच्या लवचीक तारेचा घ्यावा. सोल्डर मारावं, पण जोड नळीच्या बाहेर, न वाकणाऱ्या जागी ठेवावा. सोल्डर केसांमध्ये झिरपतं, तेवढी तार ताठ होते, आणि वाकणाऱ्या जागी असली तर त्या ताठ भागाच्या कडेलाच पुन्हा तुटते.

पॅड परत बसवण्याआधी त्याच्या मागचा प्लास्टिकचा कागद जसा होता तसा चिकटवायचा. घाईत हाच कागद फाडून फेकला जातो. दाराच्या पोकळीत पाणी येणारच, हे धरूनच दार बनवलेलं असतं. काचेवरून ओघळलेला पाऊस आत उतरतो आणि तळाच्या भोकांतून निघून जातो. कागद त्याला पॅडकडे येऊ देत नाही. ती भोकं चिखलाने बुजली, तर पाणी दारातच साचतं, पत्रा गंजतो आणि त्या ओलीत लॅचही सडतं. म्हणून जूनच्या आधी खिळा घेऊन दाराखालची भोकं मोकळी करावीत.