केसपेपरपासून सुरुवात

नगर-मनमाड रस्त्यावरचं नागापूर म्हणजे एमआयडीसीचा शेजार. कारखान्यांच्या आधाराने वाढलेल्या अशा भागात स्त्रीरोगतज्ज्ञाने दवाखाना मांडला, तर दारात येणारी प्रत्येक बाई लग्न झालेली, नवऱ्यासोबत आलेली आणि मराठी बोलणारी असेलच असं नाही. एकटी राहून नोकरी करणारी मुलगी येईल, परराज्यातली कामगार येईल, चाकाच्या खुर्चीवरून कुणी येईल, एखादी तृतीयपंथी व्यक्तीही येईल. या सगळ्यांना नीट उपचार द्यावेत असंच बहुतेक डॉक्टरांना वाटतं. गाडी अडते ती कायद्याच्या भीतीपाशी आणि दवाखान्याच्या जुन्या सवयींपाशी. एकेक पायरी घेत गेलं, तर दोन्ही अडथळे दूर करता येतात.

केसपेपर. नोंदणीच्या खिडकीवर मोठ्याने विचारलं जातं, ‘नवऱ्याचं नाव?’ ज्या मुलीला याचं उत्तर देता येत नाही, ती पुन्हा येत नाही. हा रकाना काढून ‘गरज पडल्यास कुणाला कळवायचं?’ असा ठेवला तरी दवाखान्याचं काम भागतं. उपचारासाठी लागणारे प्रश्न वेगळेच आहेत: शेवटची पाळी कधी आली, दिवस राहण्याची शक्यता आहे का, कुठल्या गोळ्या चालू आहेत. पोटात दुखतंय म्हणून आलेल्या अविवाहित मुलीला दुसरा प्रश्न विचारलाच नाही, तर गर्भनलिकेत राहिलेला गर्भ लक्षात येत नाही. नलिका फुटली की जिवावर बेततं.

एकांत. सासू किंवा नवरा शेजारी बसलेला असताना बाई खरं सांगेलच असं नाही. म्हणून ‘पहिली काही मिनिटं डॉक्टर पेशंटशी एकट्याने बोलतात’ असा नियम करून तो भिंतीवर लावावा. सगळ्यांना एकच नियम असला की कुणाला संशय येत नाही. बाईला मराठी येत नसेल, तर दुभाष्याचं काम नवऱ्याकडे न देता दवाखान्यातल्या सिस्टरकडे द्यावं. एकांत मिळाला की घरातल्या मारहाणीविषयीही विचारता येतं. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. घरात मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठी रुग्णालयातच समुपदेशनाची सोय झाली. मारहाणीविषयी विचारणं हा उपचाराचाच भाग आहे, हे त्यातून दिसलं.

संमती. गर्भपाताच्या बाबतीत सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. १९७१च्या कायद्यानुसार १८ वर्षं पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची लेखी संमती पुरते. नवऱ्याची किंवा आईवडिलांची सही कायदा मागत नाही. ती १८च्या आतली असेल किंवा मानसिक आजारामुळे निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, तर पालकाची संमती लागते. २०२१च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत नियमांनी ठरवलेल्या गटांसाठी दोघांचं मत लागतं. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल, तर वैद्यकीय मंडळ निर्णय घेतं. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी स्पष्ट केलं, की २४ आठवड्यांपर्यंतच्या सवलतीतून अविवाहित बाईला वगळता येणार नाही. ज्यांना गर्भपाताची गरज पडू शकते अशा, स्त्री म्हणून ओळख नसलेल्या व्यक्तीही ‘स्त्री’ या शब्दात येतात, असंही याच निकालात म्हटलं आहे.

गुप्तता. गर्भपात करून घेणाऱ्या बाईचं नाव, कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कुणालाही सांगणं हा गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलगी १८च्या आतली असेल, तर बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. या धास्तीने कित्येक डॉक्टर अशा मुलीला परत पाठवतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२च्या त्याच निकालाने यातून वाट काढून दिली आहे. मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरने खबर द्यावी, मात्र तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. एचआयव्हीच्या बाबतीत २०१७चा कायदा आहे. संमतीशिवाय तपासणी नाही आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचारात भेदभावही नाही.

तपासणीचं टेबल. टेबल उंच असेल, तर अपंग बाईची तपासणी टाळली जाते किंवा वरवर उरकली जाते. पायरी, आधाराची दांडी आणि मदतीला एक मावशी एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. प्रश्न सोबत आलेल्या माणसाला न विचारता तिलाच विचारावेत. अपंग स्त्रीच्या स्पष्ट संमतीशिवाय गर्भपात करणं अपंगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्याने गुन्हा ठरवलं आहे, गंभीर अपंगत्वाचा अपवाद वगळता. पुरुष म्हणून जगणाऱ्या तृतीयपंथी व्यक्तीला गर्भाशय असेल, तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी तिलाही लागतेच. तिला कोणत्या नावाने हाक मारायची, हे आधी विचारून घ्यावं.

डॉक्टरच्या पाठीशी कोण? पहिला आधार कायद्याचा. सद्भावनेने केलेल्या गर्भपाताबद्दल नोंदणीकृत डॉक्टरला कायद्याचं संरक्षण आहे. दुसरा आधार माणसांचा. याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून गावातल्या बायकांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. ज्या घरात डॉक्टरचा शब्द पोचत नव्हता, तिथे या बायकांचा शब्द पोचला. आज आशाताई ते काम करू शकतात. नगरमध्ये १९८९पासून काम करणारी ‘स्नेहालय’ संस्था देहविक्रीत अडकलेल्या स्त्रियांसोबत आणि एचआयव्हीबाधितांसोबत आहे. पेशंटला कुणाकडे पाठवायचं, ती नावं आणि नंबर टेबलावर लिहून ठेवलेले असावेत.

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. डॉक्टरांनी या आठवड्यात आपला केसपेपर एकदा काढून वाचावा आणि त्यातला कुठला प्रश्न उपचाराला लागतो, कुठला केवळ सवयीने छापला आहे, ते ठरवावं. सवयीचे प्रश्न खोडून नवा केसपेपर छापून घ्यावा.