विमानतळावरचा डास आणि आपल्या घरचा ड्रम

नोकरीसाठी नायजेरियाला निघालेला एक तरुण परवा दवाखान्यात आला. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, लस न घेता परत आलो तर विमानतळावर सहा दिवस अडकवून ठेवतात म्हणे! एवढं कशासाठी?"

हे सारे पीतज्वर म्हणजे यलो फीव्हरसाठी. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील काही देशांत हा रोग आहे. आपल्याकडे तो नाही. पण तो पसरविणारा एडिस इजिप्ती डास मात्र भरपूर आहे. रोगी आला आणि त्याला हा डास चावला, तर साथ सुरू व्हायला वेळ लागणार नाही. म्हणून त्या देशांतून येणाऱ्या विमानांत डासनाशक फवारतात. प्रवाशाकडे लसीचा दाखला मागतात. लस किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते. दाखला नसेल तर सहा दिवस वेगळे ठेवतात, कारण लागण झाल्यास लक्षणे साधारण तेवढ्या दिवसांत दिसतात. शिवाय विमानतळाभोवती किमान ४०० मीटरपर्यंत डासांची पैदास रोखावी, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे.

आपण म्हणाल, आपल्या जिल्ह्याचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे. हाच डास डेंग्यू पसरवितो. आपल्याकडे नळ रोज येत नाहीत, म्हणून घरोघरी ड्रम, रांजण, टाक्या भरलेल्या असतात. हा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. नगरपालिकेच्या धुराने उडते डास मरतात, ड्रममधल्या अळ्या नाहीत.

म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. भांडी रिकामी करा आणि आतून घासा, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात. नुसते पाणी ओतून भागत नाही. पाणी ओतवत नसेल तर ड्रमला कापड घट्ट बांधा. कुलरची टाकी, गच्चीवरचे टायर विसरू नका.

जोराचा ताप, डोळ्यांमागे दुखणे, अंगदुखी असल्यास मनाने ॲस्पिरिन किंवा ब्रुफेन घेऊ नका. रक्तस्राव वाढू शकतो. ताप उतरताना पोट फार दुखले, वारंवार उलट्या झाल्या किंवा हिरड्यांतून रक्त आले, तर तडक रुग्णालय गाठा.

विमानतळाचे ४०० मीटर सरकार सांभाळील. आपले अंगण आपणच सांभाळायचे आहे.