अंथरूण ओले का होते?

धुळ्याला माझ्या नात्यातला एक मुलगा सातवीत होता. वर्गाची अजिंठा-वेरूळची मुक्कामी सहल निघाली, तेव्हा ऐन वेळी त्याने पोटदुखीचे निमित्त केले. खरे कारण घरच्यांनाच माहीत होते. रात्री त्याचे अंथरूण ओले होई. त्यावरून त्याला 'आळशी' म्हणत. कधी मारही बसे. त्याचा खरोखर काही अपराध होता का? आपण शास्त्राच्या दृष्टीने पाहू.

मूत्राशय ही स्नायूंची लवचिक पिशवी आहे. मूत्रपिंडांत तयार झालेले मूत्र तिच्यात साठत जाते. ती भिंत सैल सोडत भरते, म्हणून आतील दाब बराच वेळ कमीच राहतो. भिंत पुरेशी ताणली गेली की मज्जातंतूंमार्फत मेंदूला संदेश जातो. मग थांबायचे की लघवीला जायचे, हे मेंदू ठरवतो. मुलाच्या मूत्राशयात किती मावते याचा ठोकताळा सोपा आहे. वयाच्या वर्षांत १ मिळवून ३० ने गुणावे. दहा वर्षांच्या मुलासाठी उत्तर येते ३३० मिलिलिटर.

रात्री पीयूषिका ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक अधिक स्रवते. त्यामुळे मूत्रपिंडे पाणी राखून ठेवतात व मूत्र कमी बनते. काही मुलांत ही रात्रीची वाढ पुरेशी होत नाही. समजा, ३३० मिलिलिटरच्या पिशवीत रात्रभरात ४५० मिलिलिटर मूत्र आले आणि पिशवी भरल्याच्या संदेशाने मेंदूला जागच आली नाही. पुढे काय होणार, हे तुम्हीच सांगा. यात आळस कोठे आला? सात वर्षांच्या शंभर मुलांपैकी साधारण पाच ते दहा मुलांना हा त्रास असतो. आईला किंवा वडिलांना लहानपणी तो असेल, तर मुलात आढळण्याची शक्यता वाढते.

आता आपल्या खानदेशातला उन्हाळा आठवा. मार्च-एप्रिलच्या उन्हातही पुष्कळ मुले शाळेत पाणी पीत नाहीत. कारण मुतारी अस्वच्छ असते, किंवा तास चालू असताना उठायची चोरी. दिवसभर लघवी दाबून ठेवायची आणि संध्याकाळी घरी तांब्यामागून तांब्या रिचवायचा, असे चालते. ते पाणी रात्री मूत्राशयात उतरते. शिवाय पाणी कमी पडले की शौचाला खडा होतो. भरलेले मलाशय शेजारच्या मूत्राशयाला दाबते. बद्धकोष्ठ फार दिवस राहिले, तर ताणलेल्या मलाशयाची जाणीव बोथट होते आणि पातळ मल कडेने झिरपून चड्डी खराब होते. मुलाला त्याचा पत्ताही नसतो.

म्हणून उपायही साधे आहेत. दिवसा भरपूर पाणी प्यावे, दर दोन-तीन तासांनी लघवीला जावे, झोपण्यापूर्वी दोन तास पाणी बेताने घ्यावे व बद्धकोष्ठावर उपचार करावेत.

एक उपाय तर भौतिकशास्त्राचाच आहे. १९०४ मध्ये बालरोगतज्ज्ञ प्फाउंडलर यांनी, मूल ओले झाल्याचे परिचारिकांना कळावे म्हणून विजेची घंटा बसवली. पुढे काही मुले आपोआप कोरडी राहू लागल्याचे दिसले. १९३८ मध्ये अमेरिकेतील मॉरर दांपत्याने हीच युक्ती उपचार म्हणून मांडली. मूत्रातील क्षारांचे आयन वीज वाहून नेतात. कापड ओले होताच विद्युतमंडल पूर्ण होते व घंटा वाजते. हळूहळू मेंदू घंटेआधीच जागा होण्यास शिकतो. दोन-तीन महिने नेटाने वापरल्यास निम्म्याहून अधिक मुलांना गुण येतो. प्रयोगशाळेत मिठाच्या पाण्यात भिजवलेले फडके, ९ व्होल्टची बॅटरी, ४७० ओहमचा रोध आणि एलईडी घेऊन हे तत्त्व पाहा. मात्र घरी बनवलेले उपकरण झोपलेल्या मुलाला कधीही लावू नका.

सहा महिने कोरडे राहिलेले मूल पुन्हा ओले होऊ लागले, लघवीला आग होत असली, किंवा तहान फार लागत असली, तर डॉक्टरांना लगेच दाखवावे.

त्या मुलालाही डॉक्टरांकडे नेले. तिथे वडिलांनी सांगितले, "मलाही दहा वर्षांचा होईपर्यंत हेच होत असे." मुलाने ते पहिल्यांदाच ऐकले! चार महिन्यांनी तो कोरडा राहू लागला आणि पुढच्या वर्षी सहलीला गेला. शिक्षकांना एवढीच विनंती, की मुलाने लघवीसाठी बोट वर केले, तर त्याला जाऊ द्या.