पाणबुड्याच्या पट्ट्याला शिसे किती?

नागपूर : जुलै २०१७ मध्ये वेणा जलाशयात नाव उलटून तरुण मुले बुडाली. असा प्रसंग आला की काठावर गाव जमते आणि पाणबुड्यांची वाट पाहते. पाणबुड्या कमरेला शिशाचा पट्टा बांधू लागला की कुणीतरी विचारतेच, "बुडाले वजन कायले लागते बाप्पा?"

लागते. अंगातला जाड रबरी सूट हवेच्या बारीक बुडबुड्यांनी भरलेला असतो. तो माणसाला वर ढकलतो. त्याची तोड म्हणजे शिसे.

पण किती? इथेच चूक होते. राज्य पर्यटन महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र तारकर्लीला, म्हणजे समुद्रावर. एक लिटर समुद्राचे पाणी साधारण १ किलो २५ ग्रॅम भरते, आपल्या तलावाचे एकच किलो. खारे पाणी जास्त उचलून धरते. माणूस, टाकी, पट्टा मिळून १०० किलो वजन समुद्रात बरोबर तोलले असेल, तर तलावात सुमारे अडीच किलो शिसे काढावे लागते.

न काढल्यास? पाणबुड्या थेट गाळात बसतो. गाळ उठला की हातभर अंतरावरचेही दिसत नाही. वर राहण्यासाठी धडपड, त्यात दम लागतो आणि हवा लवकर संपते.

शिसे कमी पडले तरी पंचाईतच. १२ लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने भरलेली हवा जवळपास तीन किलोची असते. ५० बार उरेपर्यंत दोन किलोहून अधिक हवा खर्च होते. टाकी हलकी होते आणि शेवटी माणूस नको तेव्हा वर येतो. म्हणून हिशेब रिकाम्या होत आलेल्या टाकीचा धरायचा.

पारख सोपी आहे. काठाजवळ, पण पाय टेकणार नाहीत अशा पाण्यात सर्व साहित्य घालून उभे तरंगायचे. जाकिटातली हवा सोडायची, नेहमीएवढा श्वास घेऊन रोखायचा. पाणी डोळ्यांशी आले पाहिजे. श्वास सोडला की हळूहळू खाली जायला हवे. टाकी भरलेली असेल तर वर दोन किलो घालायचे. पट्टा मात्र एका हाताने, एका झटक्यात सुटला पाहिजे.

समुद्राचा हिशेब तळ्यात चालत नाही. पट्टा बांधण्याआधी पाच मिनिटे तोलून पाहावे. शोधायला गेलेल्यालाच शोधण्याची पाळी गावावर येऊ नये.