हळदीच्या पिशवीवरील छपाईचे दोष कसे ओळखावेत ?

पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर धरणाच्या परिसरात हळद हे महत्त्वाचे नगदी पीक आहे. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. हळकुंडे मोंढ्यावर नेण्याऐवजी पूड करून स्वतःच्या नावाने विकावी, असा अनेक गटांचा प्रयत्न असतो. दळणे व चाळणे यांवर भरपूर लक्ष दिले जाते. पिशवी मात्र छापखान्यातून येईल तशी उचलली जाते. नाव छापलेली पिशवी दुसऱ्या कोणाच्या उपयोगाची नसते, त्यामुळे दोष नंतर दिसल्यास पैसे अडकून पडतात.

पॉलिथिनच्या पिशव्या बऱ्याच ठिकाणी फ्लेक्सो पद्धतीने छापतात. हा म्हणजे रुळावर गुंडाळलेला, फिरता रबरी शिक्काच समजावा. उठावाची अक्षरे असलेल्या मऊ प्लेटला बारीक खळ्यांचा एक रूळ मोजकी शाई देतो व प्लेट ती फिल्मवर उमटवते. शिक्का जोरात दाबला तर अक्षराची कड जाड होते आणि मधला भाग फिका राहतो. इथेही तसेच होते. अशी कड दिसल्यास दाब कमी करण्यास सांगावे.

अक्षरांच्या पोकळ्या शाईने भरल्या असतील तर दाबाबरोबर शाईचा घट्टपणाही तपासावा. आपल्याकडे उन्हाळ्यात शाईतील द्रावक झपाट्याने उडतो, शाई दाटते व प्लेटवरच वाळते. सकाळचा माल स्वच्छ आणि दुपारचा गिचमिड, असा फरक दिसला तर कारण बहुधा हेच असते. छिद्राच्या कपातून शाई किती सेकंदांत गळते हे कारागिराने वरचेवर मोजावे व बेताने द्रावक घालावा. हा दोष किरकोळ मानू नये. अन्न परवान्याच्या १४ आकडी क्रमांकात इंग्रजी सहा व आठ सारखेच दिसू लागले तर ती पिशवी बाजारात नेता येत नाही.

एकच ठिपका प्रत्येक पिशवीवर त्याच जागी येत असेल तर प्लेटला कचरा चिकटला आहे किंवा ती दुखावली आहे. ठिपके कुठेही पडत असतील तर फिल्मवर धूळ आहे. सर्वच छपाई फिकी असल्यास रुळाच्या खळ्या वाळलेल्या शाईने बुजल्या असण्याचा संभव असतो. रंग एकमेकांवरून सरकले असतील तर फिल्मचा ताण बिघडलेला असतो.

शाई सुटणे हा सर्वांत नुकसानीचा दोष होय. पॉलिथिनचा पृष्ठभाग मेणासारखा असतो, त्यावर शाई धरत नाही. म्हणून छपाईपूर्वी त्यावर विजेची प्रक्रिया करतात. पृष्ठताण ३८ डाइनच्या खाली असल्यास शाई नीट चिकटत नाही. जुन्या साठ्यातील फिल्मवर प्रक्रियेचा परिणाम उतरलेला असतो. कोऱ्या फिल्मवर पाण्याचा थेंब टाकावा. तो गोळा होऊन राहिला तर फिल्म परत करावी. छापील पिशवीवर पारदर्शक चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्याने ओढावी. पट्टीवर रंग आल्यास माल घेऊ नये. चिकटपट्टीला चार-दोन रुपये लागतात, तरी ही चाचणी फार थोडे गट करतात.

हळदीच्या पिशवीला पिवळा-लाल रंग सर्वांनाच आवडतो. पण बारकोडच्या रेघा लाल ठेवू नयेत. दुकानातील वाचकयंत्राचा प्रकाश बहुधा लाल असतो, त्याला लाल रेघ दिसत नाही. पिवळ्यावर काळ्या किंवा गडद निळ्या रेघा चालतात. त्या फिल्म धावते त्या दिशेने असाव्यात, आडव्या ठेवल्यास जाड होतात.

शेवटी वास पाहावा. घाईत गुंडाळलेल्या ओल्या छपाईत द्रावक अडकतो आणि रंग आतल्या बाजूसही लागतो. २०१८ च्या अन्नसुरक्षा पॅकेजिंग विनियमांनुसार छापील बाजूचा अन्नाशी संपर्क येऊ देता येत नाही. दहा-बारा पिशव्या झाकणाच्या काचेच्या बरणीत घालून बरणी चार तास उबदार जागी ठेवावी. झाकण उघडताच शाईचा उग्र दर्प आला तर त्या पिशव्यांत हळद भरू नये, कारण पूड तो वास धरते. ही तपासणी पहिल्या काही पिशव्या छापून होताच करावी व पसंत नमुन्यावर छापखान्याची सही घेऊन तो जपून ठेवावा.