पलंगाखालची जागा : पाहुण्यांच्या अंथरुणासाठी की सामानासाठी?

नवी दिल्ली : दिवाळी, लग्नसराई किंवा मे महिन्याची सुट्टी आली की लहान घरांपुढे एकच प्रश्न उभा राहतो. आलेल्या पाहुण्यांनी झोपायचे कोठे? त्यावर उपाय म्हणून दोनमजली पलंग, सोफा-कम-बेड आणि चाकांवरचा ‘ट्रंडल बेड’ असे पर्याय फर्निचरच्या दुकानांत मांडलेले दिसतात. ट्रंडल म्हणजे नेहमीच्या पलंगाखाली सरकवून ठेवता येणारा बुटका पलंग. रात्री तो बाहेर ओढावा आणि सकाळी पुन्हा आत ढकलावा, इतकी त्याची रचना साधी आहे. मात्र तो घेण्यापूर्वी काही हिशेब करणे आवश्यक ठरते.

घरे लहान, माणसे अधिक

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ३७ टक्के कुटुंबांकडे राहण्यासाठी एकच खोली होती. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत शहरी भागातील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या घरासाठी ३० चौरस मीटरपर्यंतचे चटईक्षेत्र धरलेले होते. म्हणजे सुमारे ३२३ चौरस फूट. एवढ्या जागेत कायमचा दुसरा पलंग मांडला की चालण्या-फिरण्याची जागा संपते.

ही कल्पना मुळात युरोपातील आहे. तेथील श्रीमंतांच्या शयनगृहात मालकाच्या उंच पलंगाखाली नोकरासाठी असा पलंग असे. शेक्सपिअरच्या नाटकांतही त्याचा उल्लेख सापडतो. आपल्याकडे हेच काम सतरंजी, वळकटी आणि भिंतीशी रचलेली गाद्यांची चळत करीत आली, तर खाटेखालची जागा ट्रंकांसाठी राखलेली असे. ट्रंडल स्वीकारताना ही ट्रंकांची जागा सोडावी लागते, ही बाब अनेकदा खरेदीनंतर लक्षात येते.

मापांचा हिशेब

एका व्यक्तीच्या पलंगाची रुंदी साधारण तीन फूट असते. खालचा पलंग बाहेर ओढल्यावर समोर आणखी तीन फूट मोकळी जमीन लागते. दहा फूट रुंद खोलीत दोन्ही पलंग मिळून सहा फूट व्यापतात व चार फूट उरतात. समोरच्या भिंतीला दोन फूट खोलीचे कपाट असेल तर मधली वाट जेमतेम दोन फुटांची राहते आणि कपाटाचे दार पूर्ण उघडणेही कठीण होते. म्हणून खरेदीपूर्वी जमिनीवर खडूने मापे आखून, दार व कपाट उघडून पाहणे हिताचे ठरते. रात्री स्वच्छतागृहाकडे जाण्याची वाट मोकळी राहते का, हेही त्याच वेळी कळते.

उंचीचा हिशेबही तितकाच महत्त्वाचा आहे. चाके, फळी आणि चार-पाच इंचांची गादी मिळून खालच्या पलंगाची उंची आठ इंचांच्या आसपास होते. चादर-उशीसह तो आत जाण्यासाठी वरच्या पलंगाखाली किमान दहा इंच मोकळी जागा हवी. वरच्या गादीइतकी जाड गादी खाली टाकली तर पलंग आत सरकत नाही.

झोप की साठवण?

साठवणीच्या दृष्टीने पाहिले तर सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि नऊ इंच उंच जागेत साधारण ३८० लिटर सामान मावते. जादा रजया, लोकरीचे कपडे व प्रवासी बॅगा ठेवण्यास ती पुरेशी होते. हीच जागा ट्रंडलने घेतली तर हे सामान माळ्यावर न्यावे लागते. काही पलंगांत खालच्या पलंगाच्याही तळाशी खण दिलेले असतात. परंतु त्यामुळे एकूण उंची दोन फुटांच्या पुढे जाऊ शकते आणि वृद्धांना वर चढणे अवघड होते.

निर्णयाची कसोटी रात्रींच्या संख्येवर ठरवता येते. दोन मुले रोज एकाच खोलीत झोपत असतील, किंवा रुग्णाजवळ कोणी कायम थांबत असेल, तर ट्रंडल उपयुक्त ठरतो. वर्षातून आठ-दहा रात्रीच पाहुणे येत असतील, तर घडीची गादी आणि पलंगाखाली खण हा अधिक सोयीचा मार्ग आहे.

सुरक्षितता आणि ओलावा

सहा वर्षांखालील मुलांना दोनमजली पलंगाच्या वरच्या मजल्यावर झोपवू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. ट्रंडलमध्ये उंचावरून पडण्याचा धोका बराच कमी होतो. तथापि ओढताना बोटे चिमटण्याची शक्यता असते. त्यामुळे ते काम मोठ्यांनीच करावे आणि चाकांना लॉक असावे. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांना इतक्या कमी उंचीवरून उठणे त्रासाचे होते. त्यांना वरचा पलंग देऊन घरातील तरुणांनी खाली झोपणे योग्य.

कोकण, गोवा, कोलकाता किंवा चेन्नईसारख्या दमट हवेत पलंगाखाली कोंडलेल्या गादीला बुरशी धरते. सलग फळीऐवजी पट्ट्यांचा तळ असल्यास हवा खेळती राहते. काथ्याच्या गादीतूनही हवा जाते. कापसाची गादी मात्र अधूनमधून उन्हात टाकावी लागते. आठवड्यातून एकदा पलंग बाहेर ओढून खालची फरशी पुसल्यास धूळ व झुरळे आटोक्यात राहतात. प्लायवूड घेताना त्यावरील भारतीय मानकाचा क्रमांक पाहावा. सर्वसाधारण वापरासाठी आयएस ३०३, तर पाण्याला अधिक टिकणाऱ्या मरीन प्लायवूडसाठी आयएस ७१० हे मानक आहे.

सुताराकडून पलंग करून घेताना खालच्या भागाला चार कोपऱ्यांसोबत मध्यभागीही चाकांचा आधार मागावा. अन्यथा काही काळाने फळी मधोमध वाकते, आणि वाकलेला पलंग फरशीला घासू लागला की तो रोज ओढण्याचा उत्साह ओसरतो.